मुलाखतीत जोडधंद्याचा उल्लेख करावा की करू नये?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी जळगावचा आहे. अन्नतंत्रज्ञानाची पदविका घेतल्यानंतर सहा वर्षे एका डाळ कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम केले. गेल्या दिवाळीनंतर तो विभागच बंद झाल्यामुळे सध्या मी नव्या नोकरीच्या शोधात आहे. घरी आई आणि पत्नी मिळून बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया आणि खान्देशी काळा मसाला तयार करून विकतात. हिशेब ठेवणे, पाकिटावरचा मजकूर तयार करणे आणि पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी पाठवणे ही कामे मी पाहतो, आणि अन्न परवान्याची नोंदणीही माझ्याच नावावर आहे.

मागच्या आठवड्यात औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मुलाखत झाली. बायोडेटाच्या शेवटी मी 'कौटुंबिक खाद्यपदार्थ व्यवसाय, चार वर्षे' अशी एक ओळ लिहिली होती. समोरच्या साहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि तिथून पुढचे सगळे प्रश्न त्या रेघेवरूनच आले. धंदा वाढला तर नोकरी सोडणार का, ऑर्डरी कोणत्या वेळी पाहता, कारखान्यात फोन येतात का, असे त्यांनी विचारले. आर्द्रता तपासणीबद्दल किंवा सहा वर्षांच्या अनुभवाबद्दल एकही प्रश्न आला नाही. दोन दिवसांनी नकार कळला.

माझा प्रश्न असा आहे की ही ओळ मी काढून टाकावी का? लपवणे मनाला पटत नाही, पण चार वर्षांचे प्रामाणिक कष्ट दोष म्हणून मोजले जात असतील तर ते मांडायचे तरी कसे?

बोरीकाठ

काढून टाका. बायोडेटा नोकरीसाठी असतो आणि घरातील माणसे काय करतात हे त्यात लिहिण्याची गरज नाही. मुलाखतीत विचारले तर खरे सांगावे, न विचारता सांगू नये. माझ्या मेव्हण्याने शेळीपालनाचा उल्लेख केला आणि पुढची दहा मिनिटे शेळ्यांवरच गेली.

मेहरूणची सावली

मी चौदा वर्षे या भागातील कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काम करते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगते.

उमेदवाराचा धंदा आहे हे वाचल्यावर आमच्या मनात पहिला विचार प्रामाणिकपणाचा येत नाही, टिकण्याचा येतो. गुणवत्ता विभागात नवा माणूस घेतला की आमच्या मालाचे बारकावे, ग्राहकांच्या तक्रारी आणि तपासणीची नोंदवही त्याच्या हातात बसायला पाच-सहा महिने जातात. तेवढ्यात तो गेला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. त्यामुळे 'धंदा वाढला तर सोडणार का' हा प्रश्न आपल्याला अपमानास्पद वाटला असला तरी त्यामागे ही भीती असते.

दुसरी गोष्ट वेळेची आहे. आमच्याकडे देखभाल विभागात एक फिटर होता आणि गावी त्याचे मोटर वाइंडिंगचे दुकान होते. रब्बीत शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की मोटरी रात्रीच जळतात आणि शेतकरी पहाटे दुकानाच्या दारात उभे राहतात. हा माणूस सकाळी सातच्या पाळीला यायचा तेव्हा त्याच्या नखांत वार्निश असायचे आणि डोळे तांबारलेले असायचे. एकदा चालू पट्ट्याजवळ उभ्या उभ्याच त्याला डुलकी लागली. आम्ही त्याला समज दिली. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या मुख्य यंत्राची मोटर शनिवारी रात्री बसली. बाहेरचा कारागीर सोमवारशिवाय येणार नव्हता, आणि याने ती रविवारी दुपारपर्यंत भरून चालू करून दिली. तो दुकान चालवत नसता तर हे हात त्याच्याकडे नसते. त्याला कामावर ठेवायचे की नाही यावर आमच्याकडे दोन तट होते. शेवटी त्याची पाळी कायमची दुपारची केली आणि तो पुढे सात वर्षे टिकला.

गिरणाकाठभाऊ, आपल्या ओळीत दोष इतकाच आहे की ती अर्धी आहे. 'कौटुंबिक व्यवसाय' एवढेच लिहिले की उरलेले वाचणारा आपल्या मनाने भरतो आणि तो चांगले भरत नाही. पाकिटे परत आली का, बुरशी कुठे लागली, ती कशामुळे लागली हे आपण शोधून काढले असेल तर ते लिहा. गुणवत्ता विभागाला त्यात रस असतो.

डाळगिरणी

मी नोकरी देणारा आहे, त्यामुळे माझे म्हणणे काहींना कडू लागेल.

माझ्या गिरणीत एक पर्यवेक्षक होता. डाळ भरडताना उरणारी चुणी आणि टरफल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलणी तोच करायचा. दोन वर्षांनी कळले की तो व्यापारी म्हणजे त्याच्याच भावाच्या नावावरची पेढी होती आणि माझी चुणी बाजारभावापेक्षा कमी दराने तिकडे जात होती. पैशांपेक्षा जास्त त्रास याचा झाला की रोज सकाळी तो माझ्याबरोबर चहा घेत होता. तेव्हापासून कोणालाही घेताना मी स्पष्ट विचारतो की आपला किंवा घरातील कोणाचा धंदा आहे का, आणि असेल तर तो माझ्या कच्च्या मालाशी, माझ्या ग्राहकांशी किंवा माझ्या भंगाराशी कुठे जोडलेला आहे का. उत्तर 'आहे' असे आले तरी मी माणूस नाकारत नाही. वसुलीसाठी घेतलेल्या मुलाचे स्वतःचे किराणा दुकान आहे. उधारी कशी मागायची आणि गिऱ्हाईक न तोडता पैसे कसे आणायचे हे त्याला शिकवावे लागले नाही.

गिरणाकाठभाऊ, एक विचारतो. ज्या कारखान्यात आपण गेला होतात तिथे कोणता माल होतो?

गिरणाकाठ

डाळगिरणीदादा, प्रश्न योग्य आहे आणि खरे सांगायचे तर तो माझ्या मनात आलाच नव्हता. तिथे बेसन, पोहे आणि पाकीटबंद मसाले होतात.

डाळगिरणी

मग त्या साहेबांच्या जागी मीही रेघ ओढली असती. आपला मसाला महिन्याला दहा किलो जात असला तरी त्यांच्या मसाल्याचे प्रमाण आणि मिरची पुरवणाऱ्यांचे भाव आपल्या हातात येणार होते. आपण तसे काही केले नसते हे मी मानतो, पण त्यांना ते कसे कळावे?

तापी एक्स्प्रेस

भुसावळहून लिहितो आहे. चर्चा खासगी नोकरीची असली तरी आपल्याकडे रेल्वे, आयुध निर्माणी आणि वीज केंद्रात जाऊ इच्छिणारे तरुण खूप आहेत, म्हणून सरकारी बाजू नोंदवतो.

रेल्वे सेवा (आचरण) नियम, १९६६ मधील नियम १५ प्रमाणे रेल्वे कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय व्यापार किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. केंद्र सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांसाठी १९६४ च्या आचरण नियमांतही क्रमांक १५ चाच नियम आहे आणि राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम १६ आहे. प्रसंगोपात्त साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाच्या कामाला सवलत आहे, पण तीही मूळ कामात बाधा येणार नाही या अटीवर. कुटुंबातील कोणी व्यापार करत असेल किंवा विमा एजन्सी चालवत असेल तर ते कार्यालयाला कळवावे लागते आणि पत्नीच्या एजन्सीसाठी स्वतः गिऱ्हाईक गोळा करणे हाही नियमभंग ठरतो. हा शेवटचा भाग अनेकांना माहीत नसतो आणि नंतर चौकशी लागते.

शिक्षकांची गोष्ट तर अधिक स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणीस मनाई केली आहे.

केळीचं पान

रावेर तालुक्यातून लिहितो. आतापर्यंत कोणीच शेतीचे नाव काढले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. खान्देशातील सर्वांत मोठा जोडधंदा तोच आहे आणि मुलाखतीत त्याकडे कोणी धंदा म्हणून पाहतच नाही.

मी सावद्याजवळच्या एका शीतगृहात हिशेबनीस आहे आणि घरी चार एकर केळी आहे. मुलाखतीत मालकांनी विचारले, 'शेती किती?' मी सांगितले, तेव्हा ते समाधानाने म्हणाले की घरचे बरे आहे, माणूस पैशाला हात लावणार नाही. म्हणजे माझी केळी त्यांना माझ्या चारित्र्याचा जामीन वाटली. गिरणाकाठभाऊंचा मसाला मात्र त्याच प्रकारच्या माणसाला धोका वाटला. वास्तविक केळी मसाल्यापेक्षा जास्त वेळ मागते. कटाईचा दिवस व्यापारी ठरवतो, आपण नाही. गाडी उद्या सकाळी लागते असा निरोप रात्री नऊला येतो. घड तयार होऊन उभे असतात, भाव दोन दिवसांत उतरू शकतो आणि मे महिन्यात वादळ आले तर बाग एका तासात आडवी होते. त्या काळात मी कार्यालयात असतो, पण मन बांधावर असते. हे मी साहेबांना सांगितले आहे. वर्षाच्या रजांपैकी आठ दिवस मी कटाईसाठी राखून ठेवतो आणि ते कधी लागतील हे महिनाभर आधी अंदाजाने कळवतो. अजून तक्रार आलेली नाही.

अंजनी

केळीचं पान यांनी जे लिहिले त्यात एक भर घालते. जामीन ठरणारी शेती सहसा पुरुषाच्या नावावर असते.

मी एरंडोलची आहे आणि संगणक विषयात पदवी घेतली आहे. घरी ब्लाउज आणि पैठणी फॉल-बीडिंगचे काम करते, दोन मुली हाताखाली आहेत. तीन मुलाखतींत मला विचारले गेले की 'मग घर, मुले आणि शिवणकाम सांभाळून नोकरीला वेळ कुठून आणणार?' माझ्या पतीला त्याच गावात नोकरी लागली तेव्हा सहा एकर कापसाबद्दल त्यांना असा एकही प्रश्न आला नाही. लग्नसराईत चाळीस ब्लाउज तारखेला देणारी बाई वेळ पाळू शकते की नाही हे तिला विचारायची गरज आहे का, हे मला मेहरूणच्या सावलीताईंनी सांगावे.

मेहरूणची सावली

अंजनीताई, गरज नाही, आणि हा दोष आमच्याच लोकांचा आहे. मुलाखत घेणाऱ्या पुरुष अधिकाऱ्यांना मी आता आधीच सांगते की जो प्रश्न पुरुषाला विचारणार नाही तो बाईलाही विचारू नका. सगळेच ऐकतात असे नाही. आपण तारखेला दिलेल्या चाळीस ब्लाउजांची गोष्ट मात्र पुढच्या मुलाखतीत आपणहून सांगा. ऑर्डरींची वही असेल तर तीही सोबत न्या.

शिरपूरकर पुण्यात

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात हा प्रश्न २०२२ मध्ये फार गाजला. ऑगस्टमध्ये स्विगीने कर्मचाऱ्यांना काही अटींवर बाहेरची कामे करण्याची मुभा दिली. सप्टेंबरमध्ये विप्रोच्या अध्यक्षांनी जाहीर केले की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढण्यात आले आहे. ऑक्टोबरमध्ये इन्फोसिसने व्यवस्थापकांची परवानगी घेऊन, स्पर्धा होणार नाही अशी बाहेरची छोटी कामे करता येतील असे कळवले. तीन महिन्यांत तीन वेगळी उत्तरे आली, यावरूनच मालकांचे एकमत नाही हे दिसते.

लपवण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की आता फार काही लपत नाही. भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक एकच असतो, त्यामुळे दोन ठिकाणची नोकरी तिथे उघडी पडते. स्वतःच्या धंद्याची जीएसटी नोंदणी असेल तर ती पॅन क्रमांकावरून संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. मसाल्याच्या पाकिटावर तर उत्पादकाचे नाव आणि पत्ता छापणे बंधनकारकच आहे. गिरणाकाठभाऊ, आपले नाव प्रत्येक पाकिटावर आहे.

धुळे न्यायालय परिसर

कायद्याबद्दल दोन गैरसमज नेहमी ऐकू येतात. पहिला असा की खासगी नोकरीत दुसरे काम करणे हा गुन्हा आहे. तसे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ६० मध्ये एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यास मनाई होती आणि नव्या श्रम संहितेतही तेच तत्त्व ठेवले आहे, परंतु ते कामगाराच्या विश्रांतीसाठी आहे. घरगुती धंद्याला ते लागू होत नाही. तिथे निर्णायक असते ते आपले नियुक्तिपत्र.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे व्यवसायावर बंधन घालणारा करार रद्दबातल असतो, म्हणून नियुक्तिपत्रातील अटीला अर्थच नाही, असे काही जण मानतात. निरंजन गोलिकारी यांच्या १९६७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की करार चालू असतानाच्या काळापुरती घातलेली अट, ती अवाजवी जाचक नसेल तर, सामान्यतः या कलमाखाली अवैध ठरत नाही. नोकरी सुटल्यानंतर धंदा करू नका अशी अट घातली असेल तर तिची गोष्ट वेगळी असते आणि ती बहुधा टिकत नाही. म्हणून नियुक्तिपत्रातील 'सेवाकालात' हा शब्द नीट वाचावा.

सातपुडा

सगळे बरोबर आहे, पण पगाराबद्दल कोणीच बोलत नाही. नंदुरबारमध्ये पदवीधराला बारा-पंधरा हजारांवर राबवतात आणि वर तो बाहेर काही करत नाही ना याची चौकशी करतात. त्या पैशात घरभाडे आणि मुलांची फी भागत नाही, म्हणून तो संध्याकाळी मिरचीच्या पथारीवर हिशेब लिहायला जातो. पूर्ण माणूस हवा असेल तर त्याला पूर्ण पगार द्यावा. डाळगिरणीदादांनी उत्तर द्यावे अशी विनंती आहे.

डाळगिरणी

देतो. आपले म्हणणे खरे आहे. माझ्या गिरणीतही हंगाम सोडला तर मी फार पगार देऊ शकत नाही. म्हणूनच कामाच्या तासांबाहेर माणूस काय करतो यावर हक्क सांगणे मी सोडले आहे. आठ तास आणि माझा हिशेब स्वच्छ हवा, एवढेच मागतो. जे मालक कमी पगार देऊन चोवीस तासांची निष्ठा मागतात त्यांची बाजू मी घेणार नाही. मात्र पगार कमी आहे म्हणून धंदा लपवला, हे कारणही मला मान्य नाही.

बोरीकाठ

पाकिटावर नाव असते हा मुद्दा मला सुचला नव्हता. 'न विचारता सांगू नये' हे माझे मत मी मागे घेतो. पण पहिल्या पानावर लिहू नका यावर मी ठाम आहे. आधी कामाचे बोलणे व्हावे, मग धंद्याचे.

गिरणाकाठ

तीन आठवड्यांनी परत येतो आहे. सर्वांचे मनापासून आभार.

बोरीकाठभाऊंचे ऐकून ती ओळ पहिल्या पानावरून काढली आणि सावलीताईंचे ऐकून अनुभवाच्या खाली दुसरी लिहिली. मागच्या पावसाळ्यात बिबड्यांची बारा पाकिटे बुरशी लागून परत आली होती. आई पहाटे चारला ज्वारीचा घाटा शिजवते, त्यात तीळ, लसूण आणि मिरची घालते, मग ओल्या कापडावर बिबडे थापून ती कापडे गच्चीवर वाळायला पडतात. वरून ते कडक वाजत असत, पण कापडाकडची बाजू थंड लागत होती. मी एक बिबडा मोडून मधल्या भागाचे वजन वाळवण्यापूर्वी आणि नंतर घेतले, तेव्हा ओल आतच राहत असल्याचे कळले. कापडावरून सोडवल्यानंतर उलट बाजूने आणखी एक पूर्ण ऊन देऊ लागलो आणि त्यानंतर एकही पाकीट परत आले नाही. हे चार ओळींत लिहिले.

या वेळी मुलाखत केळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात होती. तिथे बाईसाहेबांनी त्या चार ओळींवरून वीस मिनिटे प्रश्न विचारले आणि ते सगळे आर्द्रतेबद्दल होते. शेवटी मी आपणहून सांगितले की नोंदणी माझ्या नावावर आहे, ऑर्डरी मी रात्री आठनंतर पाहतो आणि त्यांच्या मालाशी आमचा संबंध नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली, 'आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे पंधरा दिवस तुम्ही कुठे असाल?' लेकी माहेरी येतात आणि परत जाताना बिबडे घेऊन जातात, हे त्यांना घरचे माहीत होते. मी म्हणालो की थापायला शेजारच्या तीन काकू येतात, मी पहाटे कापडे गच्चीवर चढवून देतो आणि आठच्या पाळीला हजर असतो. त्या हसल्या आणि म्हणाल्या की हे लेखी द्या.

नोकरी मिळाली आहे. लेखी द्यायचा मजकूर असा केला आहे: 'माझ्या कुटुंबाचा बिबडे, कुरडया व मसाला यांचा घरगुती व्यवसाय असून त्याची नोंदणी माझ्या नावावर आहे. कामाच्या वेळेत मी त्याचे कोणतेही काम करणार नाही. मी किंवा माझे कुटुंबीय केळीपासून तयार होणारा कोणताही पदार्थ करणार नाही.' तपासून द्यावा, ही विनंती.

धुळे न्यायालय परिसर

शेवटचे वाक्य बदला. कुटुंबीयांच्या वतीने आपण वचन देऊ शकत नाही आणि नोकरी सोडल्यानंतरही ते लागू आहे असा अर्थ निघतो. 'सेवाकालात सदर व्यवसायात केळीपासून तयार होणाऱ्या पदार्थांचे उत्पादन किंवा विक्री केली जाणार नाही' असे लिहा.

मेहरूणची सावली

'विक्री' हा शब्द तर ठेवाच. एकादशीला आईंनी घरी केळीचे वेफर्स तळले तर त्याची कोणाला अडचण नको. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या.

गिरणाकाठ

दोन्ही बदल केले. सोमवारी रुजू होतो आहे. शिक्क्याची प्रत अन्न परवान्याच्याच फायलीत लावतो.